सेवेचा चार्ज कोणाकडे?

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा कामाला लागल्या आणि खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचा कारभार राज्याच्या खात्याकडून त्यांच्याकडे आला. राज्य स्थापन होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. बळवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये देशापुढे ठेवलेली विकेंद्रीकरणाची कल्पना वसंतराव नाईक समितीने महाराष्ट्रापुरती नव्याने मांडली आणि सगळा भर जिल्ह्यावर दिला. त्या वेळी जी वाटणी झाली तीच थोड्याफार फरकाने आजही चालू आहे. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचे. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि ‘सिव्हिल’ (जिल्हा रुग्णालय) राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकांचे. एकाच आजारी माणसाच्या वाटेवर मध्येच एक शीव पडली.

त्यानंतरच्या साठ वर्षांत अशा शिवा वाढत गेल्या. सुरगाणा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरची बाई गरोदर राहिली की तिच्या दारात पहिल्यांदा येते ती आशा कार्यकर्ती. तिचा मोबदला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून निघतो. नोंद होते उपकेंद्रात, आणि ते जिल्हा परिषदेचे. आहार अंगणवाडीतून मिळतो. ती महिला व बालविकास विभागाच्या योजनेत चालते आणि तिथला शिधा आणखी कोणी तरी पुरवतो. रक्ताचा नमुना ‘महालॅब’कडे जातो. ही तपासणीसेवा २०१७ पासून केंद्र सरकारच्या मालकीच्या एचएलएल लाइफकेअर या कंपनीकडे आहे. बाई अडली तर १०८ ची रुग्णवाहिका येते. ती सरकारची असली तरी चालवणारा ठेकेदार असतो. ग्रामीण रुग्णालयातून नाशिकला पाठवले, तर तिथल्या वॉर्डात आता दोन विभागांचे डॉक्टर भेटण्याची शक्यता आहे. तिचा मोठा मुलगा आश्रमशाळेत असेल, तर त्याच्या जेवणाखाण्याची आणि दुखण्याखुपण्याची जबाबदारी आदिवासी विकास विभागाची. एका घराच्या आरोग्याची आणि सांभाळाची जबाबदारी अशी सात-आठ हातांत वाटलेली आहे, आणि या हातांपैकी कोणता ना कोणता हात दर दोन-चार वर्षांनी बदलत असतो.

या बदलाबद्दल लिहिले जाते ते बहुतेक वेळा खाजगीकरणाच्या बाजूने किंवा विरोधात. तो वाद महत्त्वाचा आहेच. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे राहतो. ज्या दिवशी सेवा एका हातातून दुसऱ्या हातात जाते, त्या दिवशी नेमके काय दिले जाते, काय घेतले जाते आणि काय मध्येच गळून पडते? सरकारी कार्यालयात बदली झालेला अधिकारी चार्ज देतो तेव्हा यादी होते. कपाटे, खुर्च्या, वाहन, डेड स्टॉक रजिस्टर, शिल्लक रक्कम, प्रलंबित प्रकरणे असे सगळे तीत येते. आरोग्यसेवेच्या यादीतही यंत्रे, खाटा आणि औषधसाठा येतो. कोणत्या पाड्यावरची कोणती बाई दवाखान्याला घाबरते, कोणत्या मुलाच्या सिकलसेलच्या तपासणीचा निकाल घरी पोहोचलेला नाही, कोणत्या म्हाताऱ्याची रक्तदाबाची गोळी गेल्या महिन्यापासून बंद आहे, हे त्या यादीत येत नाही. ते कोणा सिस्टरच्या, आशेच्या, मदतनीस बाईच्या डोक्यात असते. महाराष्ट्रातल्या आजवरच्या हस्तांतरणांकडे पाहिले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: सेवा एका काठावरून दुसऱ्या काठावर नेतात ती सगळ्यात कमी पगाराची माणसे. ती टिकली तर मालक कोणीही असो, सेवा टिकते. ती तुटली तर सरकारी पाटीही सेवेला वाचवू शकत नाही.

नाशिकमध्ये हा विषय सध्या सगळ्यात जवळून पाहता येतो तो सिव्हिलच्या निमित्ताने. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्ये आहे. राज्यभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या परीक्षा इथून होतात. तरी शहरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मात्र बरीच वर्षे नव्हते. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत मुंबई, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ यांच्याबरोबर नाशिकचेही नाव होते. नाशिककरांना याचा आनंद होणे स्वाभाविक आहे. जिल्ह्यातल्या मुलांना इथेच शिकता येईल, विशेषज्ञ डॉक्टर येतील, गंभीर रुग्णाला मुंबईला हलवण्याची वेळ कमी येईल.

पण महाविद्यालय सुरू करायचे तर त्याला रुग्णालय लागते, आणि नवे रुग्णालय एका वर्षात उभे राहत नाही. म्हणून राज्यात ठरून गेलेली रीत अशी की जिल्हा रुग्णालय काही वर्षांच्या कराराने महाविद्यालयाला जोडायचे. म्हणजे सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण विभाग पाय ठेवतो. जळगाव आणि नंदुरबार या उत्तर महाराष्ट्रातल्याच जिल्ह्यांनी नाशिकच्या आधी हा अनुभव घेतला. दोन्ही विभाग सरकारचेच, दोघांचे मंत्री एकाच मंत्रिमंडळात बसणारे. तरीही परिचारिकेची बदली कोणी करायची, शवविच्छेदनाची ड्यूटी कोणाची, दिव्यांग प्रमाणपत्राच्या शिबिराला डॉक्टर कोणी द्यायचा, ग्रामीण रुग्णालयातून पाठवलेल्या रुग्णासाठी खाट राखून कोणी ठेवायची, असे प्रश्न उभे राहतात. वैद्यकीय शिक्षण विभागाचे पहिले काम शिकवण्याचे. जिल्हा रुग्णालयाचे पहिले काम जिल्ह्यातल्या सगळ्या लहान दवाखान्यांच्या पाठीशी उभे राहण्याचे. हे दुसरे काम करारात ठळक लिहिलेले नसेल, तर ते हळूहळू कोणाचेच राहत नाही.

लातूरचे उदाहरण यासाठी नाशिककरांनी नीट पाहायला हवे. तिथे २००२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि जिल्हा रुग्णालय त्यात सामावले गेले. महाविद्यालय मोठे झाले, मराठवाड्यातल्या गरिबांना त्याचा उपयोगही मोठा झाला. पण लातूर जिल्ह्याला स्वतःचे जिल्हा रुग्णालय पुन्हा मिळावे म्हणून नागरिकांना वीस वर्षांनंतरही आंदोलने करावी लागली. जुनी संस्था नव्या संस्थेत विरघळली आणि जुन्या संस्थेची जागा भरून काढायचे वेळापत्रक कोणी आखले नाही. नाशिकमध्ये सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी अशा आदिवासी भागांतून रुग्ण सिव्हिलला येतात. १५ तालुक्यांच्या या जिल्ह्यात ते वेळापत्रक आत्ताच, महाविद्यालयाच्या इमारतीबरोबरच, लिहिले जायला हवे.

ठेक्यावर दिलेल्या सेवेची गोष्ट वेगळ्या रस्त्याने जाते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका ही त्यातली सगळ्यात परिचित. तिची सुरुवात १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादला झाली, ईएमआरआय या संस्थेच्या रूपाने, आणि तिच्यामागे सत्यम कंपनीचे रामलिंग राजू होते. पाहता पाहता गुजरात, गोवा आणि आणखी काही राज्यांनी ही सेवा घेतली. ७ जानेवारी २००९ रोजी राजूंनी सत्यमच्या हिशेबांतल्या घोटाळ्याची कबुली दिली. चालवणारा असा रातोरात कोसळल्यावर रुग्णवाहिका थांबणार अशी भीती होती. त्या थांबल्या नाहीत. चालवण्याच्या खर्चाचा मोठा वाटा राज्य सरकारांकडून येत होता, क्रमांक सार्वजनिक होता, आणि चालक, तंत्रज्ञ, नियंत्रण कक्षातली माणसे रोज कामावर येत राहिली. त्याच वर्षी जीव्हीके समूहाने संस्था हाती घेतली. भारतातल्या सेवा-हस्तांतरणाच्या इतिहासात ही घटना अधिक अभ्यासली जायला हवी होती. कारण संकट इतके मोठे असूनही रस्त्यावर पडलेल्या माणसाला मालक बदलल्याचे कळलेसुद्धा नाही.

महाराष्ट्रात १०८ आली ती २६ जानेवारी २०१४ रोजी, बीव्हीजी इंडिया या कंपनीमार्फत. ९३७ गाड्या होत्या. त्यांतल्या २३३ प्रगत उपकरणांच्या आणि ७०४ मूलभूत उपकरणांच्या. प्रत्येक गाडीत डॉक्टर हे महाराष्ट्राचे वेगळेपण, आणि त्यांत आयुर्वेद पदवीधर मोठ्या संख्येने. नियंत्रण कक्ष पुण्यात औंधला. पाच वर्षांचा करार संपला, पुढे मुदतवाढी मिळत गेल्या, आणि २०२४ मध्ये नव्या निविदेतून सुमित, स्पेनची एसएसजी आणि बीव्हीजी या कंपन्यांच्या समूहाकडे काम गेले. त्या निविदेच्या रकमेवरून विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत टीकेची बरीच झोड उठली. रकमेची चर्चा व्हायलाच हवी. पण मुदतवाढीच्या काळाबद्दल फार कमी बोलले जाते. करार संपलेला, नवा झालेला नाही, अशा अवस्थेत जुन्या ठेकेदाराला नव्या गाड्या घेण्यात रस उरत नाही आणि कर्मचाऱ्याला पगारवाढीची आशा उरत नाही. गाडी जुनी होत जाते आणि तिच्यातला डॉक्टर दुसरी नोकरी शोधू लागतो. घाटातल्या वळणावर बंद पडलेल्या गाडीची कारणे बहुतेकदा मंत्रालयातल्या फायलीवर सापडतात.

गोष्ट फक्त दवाखान्याची नाही. सांभाळाच्या सेवाही अशाच हात बदलतात, आणि त्यांचे राज्यातले एक मोठे केंद्र नाशिकच आहे. आदिवासी विकास आयुक्तालय इथे आहे, आदिवासी विकास महामंडळ इथे आहे. शासकीय आश्रमशाळांत मुले वर्षातले बहुतेक महिने राहतात. तिथला शिक्षक हा फक्त शिक्षक नसतो. रात्री मुलाला ताप आला, पावसाळ्यात साप निघाला, मुलगी घरी जायचे म्हणून रडायला लागली, की जवळ असणारे मोठे माणूस तेच. ही माणसे वर्षानुवर्षे तासिका किंवा रोजंदारी तत्त्वावर काम करत होती. २०२५ मध्ये सरकारने आश्रमशाळांतली १,७९१ शिक्षकपदे बाह्यस्रोतातून, म्हणजे एजन्सीमार्फत भरायचे ठरवले. त्याविरुद्ध जुलैमध्ये हे कर्मचारी नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर येऊन बसले. बायकामुलांसह, भांडीकुंडी घेऊन, पावसात. या लढ्याला त्यांनी नाव दिले बिऱ्हाड आंदोलन, आणि ते महिनोन्‌महिने चालले.

एजन्सीने आणलेला शिक्षक कमी शिकलेला असेल असे कोणी म्हणत नाही. त्याच्याकडे पदवी असेल, उमेद असेल. पण सहावीतल्या कोणत्या मुलाला फिट येते, कोणत्या मुलीचा बाप व्यसनी आहे आणि तिला सुटीत कोणाबरोबर पाठवायचे नाही, हे आधीचा माणूस त्याला सांगणार कधी? आधीच्या माणसाला काढून टाकल्यावर त्याने चार्ज द्यायला तरी का थांबावे? सरकारने यापूर्वी ६ सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय काढून नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा रस्ता खुला केला होता आणि तरुणांच्या रोषानंतर दीड महिन्यात, २० ऑक्टोबरला, तो रद्द केल्याचे जाहीर केले होते. म्हणजे अडचण सरकारला ठाऊक नाही असे नाही. तरीही दोन वर्षांनी तोच मार्ग आश्रमशाळांसाठी निवडला गेला, जिथे मुलांचे आईबाप पन्नास-शंभर कोसांवर असतात आणि त्यांचा आवाज भवनापर्यंत क्वचितच पोहोचतो. ही निवड चुकीची होती असे स्पष्ट म्हणायला हवे.

अंगणवाडीच्या आहाराचा इतिहास याच्याशी जोडून वाचावा. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. महाराष्ट्रात तिची पहिली पावले मेळघाटातल्या धारणीत पडली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या आहारातून ठेकेदारांना दूर ठेवण्याचा आदेश दिला आणि काम गावातल्या महिला मंडळांना, बचत गटांना देण्यावर भर आला. प्रत्यक्षात मात्र घरी न्यायच्या पाकीटबंद आहाराचे काम मोठ्या पुरवठादारांभोवती गोळा होत राहिले. महाराष्ट्राने २०१६ मध्ये काढलेल्या निविदांच्या अटी अशा होत्या की लहान बचत गटाला दारातही उभे राहता येऊ नये. वैष्णोराणी महिला बचत गटाच्या प्रकरणात २६ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या रद्द केल्या आणि नव्याने निविदा काढायला सांगितले. निकाल बचत गटांच्या बाजूने लागला. पण तीन वर्षे न्यायालयात गेली, आणि तेवढ्या काळात तीन वर्षांचे मूल सहा वर्षांचे होऊन योजनेच्या बाहेर पडते.

महाराष्ट्रात सेवाभावी संस्था आणि सरकार यांच्यातली हस्तांतरणेही झाली आहेत, आणि त्यांबद्दल अभिमानाने बोलायला हवे. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला १९७० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजींच्या पुढाकाराने काम उभे केले आणि सरकारने आसपासच्या गावांची आरोग्यसेवा त्यांच्यावर सोपवली. मराठी मुलखात एखाद्या सेवाभावी रुग्णालयाने सरकारी सेवेचा चार्ज इतक्या गंभीरपणे घेतल्याची उदाहरणे थोडीच. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून अल्पशिक्षित बायकांना गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. नाशिकच्या दिंडोरीत दवाखाना चालवणाऱ्या डॉ. श्याम अष्टेकरांनी ‘भारतवैद्यक’च्या रूपाने गावातल्या माणसाला प्राथमिक उपचार शिकवता येतील असे अभ्याससाहित्य मराठीत तयार केले.

या सगळ्या प्रयोगांतून सरकारच्या हाती गेलेली सगळ्यात मोठी ठेव म्हणजे गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेची घरोघरची नवजात बालसेवा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत बाळंतिणीच्या घरीच बाळाची काळजी घेण्याची पद्धत बसवली. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये केंद्राने ही पद्धत आशांमार्फत देशभर नेली. लाखो घरांपर्यंत ती पोहोचली, हे मोठेच यश. पण नेताना काय नेले आणि काय मागे राहिले? गृहभेटींचे वेळापत्रक नेले, तपासणीची वही नेली, वजनकाटा आणि थर्मामीटर नेला. गडचिरोलीत मात्र प्रत्येक आरोग्यदूताच्या मागे नेमाने गावात येणारा, चूक दाखवणारा, हात धरून शिकवणारा पर्यवेक्षक होता. राष्ट्रीय कार्यक्रमात ते काम गटप्रवर्तक बाईवर आले. तिच्या हाताखाली वीस-पंचवीस आशा, तिची नोकरीही कायम नाही, आणि तिला स्वतःला प्रवासाचा भत्ता वेळेवर मिळण्याची खात्री नाही. आशेला या सगळ्या गृहभेटींच्या मालिकेसाठी २५० रुपये ठरले. २०२३–२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या, आझाद मैदानात थंडीत बसल्या, तेव्हा कुठे मार्च २०२४ मध्ये राज्याने आशांच्या मोबदल्यात दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली.

इंग्लंडचा अनुभव इथे उपयोगी पडतो, कारण तिथे हस्तांतरणाचे कायदेही आहेत आणि अपयशांचे सविस्तर हिशेबही. एप्रिल २०१५ मध्ये केंब्रिजशायरमधली वृद्धांची आरोग्यसेवा आणि प्रौढांची समुदाय-पातळीवरची आरोग्यसेवा युनायटिंगकेअर नावाच्या भागीदारीकडे गेली. पाच वर्षांचा, सुमारे ८० कोटी पौंडांचा करार होता. भागीदार कोणी खाजगी कंपन्या नव्हत्या, तिथल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेचीच दोन रुग्णालय-मंडळे होती. आठ महिन्यांत, डिसेंबरमध्ये, करार कोसळला. सेवेचा खरा खर्च किती, याची विश्वासार्ह माहिती बोली लावताना कोणाकडेच नव्हती आणि नव्या भागीदारीला मूल्यवर्धित कराचा परतावा मिळणार नाही हेही आधी धरले गेले नव्हते. त्याआधी २०११ मध्ये सदर्न क्रॉस ही वृद्धाश्रमांची कंपनी भाड्याच्या ओझ्याखाली बुडाली. सुमारे ७५० आश्रम, ३१,००० वृद्ध. ते आश्रम दुसऱ्या चालकांकडे वळवताना सरकारची, पालिकांची आणि नातेवाइकांची झोप उडाली होती. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र बरी होती. तिथल्या १९८१ पासूनच्या नियमांनुसार चालक बदलला तरी कर्मचारी आपल्या जुन्या सेवाशर्तींसह नव्या चालकाकडे जातो. म्हणून आजीला अंघोळ घालणारी बाई दुसऱ्या दिवशीही बहुधा तीच असते.

भारतात याच्या जवळ जाणारी तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती. उपक्रमाची मालकी किंवा व्यवस्थापन बदलले तर कामगाराची सेवा अखंड धरा आणि शर्ती कमी करू नका, नाही तर भरपाई द्या, असे ते कलम. हा कायदा आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत सामावला आहे. पण सफाईचा, सुरक्षेचा, डेटा ऑपरेटरचा किंवा रुग्णवाहिकेचा ठेका एका एजन्सीकडून दुसरीकडे जातो, तेव्हा माणसे तीच असली तरी नियुक्तिपत्र नवे, तारीख नवी, पगार नव्या निविदेच्या दराने. दहा वर्षे त्याच वॉर्डात काम केलेला वॉर्डबॉय कागदावर पुन्हा नवखा होतो.

जबाबदारी कागदावर विभागली की प्रत्यक्षात काय होते, हे नाशिकने २१ एप्रिल २०२१ ला पाहिले. महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, दाब घसरला आणि व्हेंटिलेटर व प्राणवायूवर असलेले २२ रुग्ण त्याच दिवशी दगावले. रुग्णालय महापालिकेचे, टाकी आणि तिची देखभाल बाहेरच्या पुरवठादाराकडे, डॉक्टर कोविड वॉर्डात अडकलेले. झडप कोणी बंद करायची, पर्यायी सिलिंडर कोणी लावायचे, हे त्या क्षणाआधीच ठरलेले असायला हवे होते. नातेवाईक स्वतः सिलिंडर ओढत आपल्या माणसांपर्यंत धावत होते. त्या दिवसाची आठवण या शहराला आजही नकोशी आहे. पण कोणत्याही सेवेचा करार लिहिणाऱ्याने ती समोर ठेवूनच लिहिले पाहिजे.

खरेदीचा चार्ज बदलतो तेव्हाही असेच. राज्याची औषधखरेदी २०१७ मध्ये हाफकिन महामंडळाकडे गेली आणि २०२३ मध्ये कायदा करून स्थापलेल्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडे जाऊ लागली. ही खांदेपालट चालू असतानाच ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ रुग्णांचे मृत्यू झाले. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधांचा तुटवडा नव्हता असे सरकारने सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र स्वतःहून दखल घेतली आणि नव्या प्राधिकरणाच्या प्रमुखपदाची, रिक्त जागांची विचारणा केली. न्यायालयाला नेमके तेच विचारावे लागले जे हस्तांतरणाच्या पहिल्याच दिवशी कोणी तरी विचारायला हवे होते.

विचारणारे लोक मिळाले की फरक पडतो, याचाही अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहे. २००७ मध्ये पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या समन्वयाने पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली आणि पुढे ती नाशिकसह आणखी जिल्ह्यांत पसरली. गावाने आपल्या आरोग्य केंद्राला गुण द्यायचे, ते तक्ते भिंतीवर लावायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर तक्रार मांडायची. बाहेरून औषध आणायला लावले, बाळंतपणात पैसे मागितले, डॉक्टर मुक्कामी राहत नाही, असे लोक माईकवर बोलू लागले. या सुनावण्यांत अधिकाऱ्यांना उत्तर द्यावे लागे, कारण ते लोकांच्या समोर बसलेले असत. ठेकेदार मात्र तिथे क्वचितच दिसे. त्याला बोलावण्याची सोय त्याच्या करारात नसे. नव्या प्रत्येक ठेक्यात, मग तो १०८ चा असो वा प्रयोगशाळेचा, जनसुनवाईला हजर राहण्याची अट घालणे फार खर्चाचे नाही. फक्त ती घालायची इच्छा हवी.

नाशिक जिल्ह्यात आणखी एक हस्तांतरण दर वर्षी होते, आणि त्याची निविदा निघत नाही. पावसाळी शेती आटोपली की सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागातली कुटुंबे मजुरीसाठी खाली उतरतात, दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत, वीटभट्ट्यांवर, शहरातल्या बांधकामांवर. पाड्यावरच्या अंगणवाडी सेविकेच्या वहीत ज्या बाळाचे वजन दर महिन्याला लिहिले जात होते, ते बाळ आता बागेतल्या खोपीत आहे. तिथल्या अंगणवाडीच्या यादीत त्याचे नाव नाही. लसीचा पुढचा डोस राहतो, आईची लोहाची गोळी राहते. होळीला माणसे परत जातात तेव्हा बाळाची वाढ कुठे थांबली हे मागून कळते.

२०२२ मध्ये महिला व बालविकास विभागाने स्थलांतर मागोवा प्रणाली राज्यात आणली. निघताना पाड्यावरच्या सेविकेने मोबाइलवर नोंद करायची, कुटुंब जिथे जाईल तिथल्या सेविकेला ती दिसावी आणि तिने आहार, वजन, लसीकरण पुढे चालू ठेवावे, अशी तिची आखणी आहे. इथे संस्था हस्तांतरित होत नाही. एकेका मुलाचा, एकेका आईचा चार्ज एक बाई दुसरीला देते, नावानिशी. नाशिकच्या बागायती पट्ट्यात ही नोंद कितपत पूर्ण होते हे सेविकेकडे किती काम आहे, तिचा मोबाइल चालतो का, खोपीपर्यंत जायला तिला कोण मदत करते आणि बागमालक आत येऊ देतो का, यावर ठरते. नाशिकच्या म्हसरूळमधल्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयाचा करार लिहिणाऱ्यांनी, १०८ च्या पुढच्या निविदेचा मसुदा करणाऱ्यांनी आणि २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी हंगामी दवाखाने उभारणाऱ्यांनी एकदा या दोन सेविकांमधला फोन ऐकावा. बाळाचे नाव, आईचे नाव, शेवटचे वजन, राहिलेली लस, आणि कोणाच्या बागेत उतरले आहेत ते.